परदेशी भाच्याकडे जाताना: कागद, बॅग आणि श्रीमंतीची वही

मुलाकडे जाणं वेगळं आणि भाच्याकडे, पुतण्याकडे, चुलत बहिणीच्या मुलीकडे जाणं वेगळं. मुलाच्या घरी सहा महिने राहिलात तरी कुणी दिवस मोजत नाही. भाच्याच्या घरी भाचेसून असते, तिचं ऑफिस असतं, शनिवार-रविवार हेच त्यांचे दोन मोकळे दिवस असतात, आणि तुम्ही मामा-मामी म्हणून मानाचे पाहुणे असता. मानाचा पाहुणा जास्त दिवस राहिला की मान कमी होतो, हे लातूर-नांदेडला जसं खरं तसंच डॅलसला. पुढची माहिती अशा दुसऱ्या प्रकारच्या दौऱ्यासाठी आहे. उदाहरणं अमेरिकेची घेतली आहेत.

या दौऱ्यात दोन कामं असतात. एक प्रवासाचं. दुसरं तिथे पोचल्यावर आपोआप सुरू होतं: प्रत्येक वस्तूची किंमत डॉलरमधून रुपयात गुणायची आणि एक तर हबकायचं, नाहीतर भाचा कोट्यधीश झाला असं ठरवून टाकायचं. हा गुणाकारच चुकीचा आहे. बरोबर हिशेब कसा मांडायचा ते पुढे ‘वही’ या भागात सविस्तर सांगितलं आहे, पण आधी तिथवर पोचलं पाहिजे.

कधी जायचं

शेती असेल तर मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ धरा. हरभरा, ज्वारी घरात आलेली असते आणि मृगाच्या पेरणीला अवकाश असतो. इकडचा ४२-४३ अंशाचा उन्हाळा चुकतो, तिकडची थंडीही ओसरलेली असते. अडचण एकच, लगीनसराई. भावकीतलं लग्न टाळून अमेरिकेला गेलात तर ते दहा वर्षं ऐकावं लागतं, म्हणून तिकीट काढण्याआधी तारखा विचारा.

जूननंतर थांबायचं असेल तर शेत बटईने किंवा भावाकडे लावून द्या आणि कागदाची कामं कोण करणार ते नाव घेऊन ठरवा. खरीप पीकविम्याची मुदत साधारण जुलैअखेर असते. ई-पीक पाहणी ऑगस्टपासून सुरू होते आणि ती शेतात उभं राहून मोबाइलवर करायची असते, डॅलसहून होत नाही. पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबर गावातच काढावा. हयातीच्या दाखल्यासाठी नंतर पळापळ नको. ते जमणारच नसेल तर जाण्याआधी बँकेत जाऊन काय करायचं ते विचारून ठेवा.

कागद

पासपोर्टचं साधं शुल्क ३६ पानांसाठी १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर २००० जास्त. अडतं ते नावापाशी आणि जन्मतारखेपाशी. मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली १ जून ही जन्मतारीख आपल्याकडे निम्म्या गावाची असते. ती खरी की खोटी यात जाऊ नका, टीसी, आधार, पॅन आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी तीच आहे ना एवढं बघा. बायकांच्या बाबतीत आधारवर सासरचं नाव आणि टीसीवर माहेरचं असा घोळ असतो. तो आधी मिटवा, कारण पासपोर्टवर जे नाव येईल तेच व्हिसावर आणि तिकिटावर अक्षर न अक्षर जुळावं लागतं. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर दुबई-अबुधाबीला व्हिजिट व्हिसावर जाताना अडवलं जाऊ शकतं. वाटेत तिथे चार दिवस मेहुणीकडे थांबायचा बेत असेल तर हे ध्यानात ठेवा.

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला बी-वन बी-टू म्हणतात. क्रम असा: डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म, मग खातं उघडून शुल्क, मग बोटांचे ठसे आणि फोटोची तारीख, शेवटी मुलाखत. शुल्क २०२३ पासून १८५ डॉलर आहे, पण त्यात भर पडू शकते, म्हणून भरायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर पाहा. फॉर्म भरताना वीसेक मिनिटं काही केलं नाही तर तो बंद पडतो. सुरुवातीलाच मिळणारा अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक पान झालं की सेव्ह करा. फोटो चष्म्याशिवाय. पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती विचारतात, फेसबुक असेल तर लिहा. ‘अमेरिकेत जवळचे नातेवाईक आहेत का’ या प्रश्नात भाचा बसत नाही, तो पुढच्या ‘इतर नातेवाईक’ या प्रश्नात बसतो. तिथे ‘हो’ लिहायचं. लपवून फायदा नाही, आणि सापडलं तर नुकसान मोठं.

मुलाखत मुंबईला द्यायची की हैदराबादला, हे आपल्या हातात असतं. नांदेड, हिंगोलीकडच्यांना हैदराबाद जवळ, पण मुंबईला मुलाखत मराठीत मागता येते. इंग्रजी अडखळत बोलण्यापेक्षा मराठीत सरळ बोललेलं केव्हाही चांगलं. उत्तरं छोटी द्या: कुणाकडे, किती दिवस, खर्च कुणाचा, परत येऊन काय. ‘भाचेसून बाळंत होणार, बाळ सांभाळायला चाललो’ असं सांगितलं की अधिकाऱ्याला ते काम वाटू शकतं. खरंच महिनोन् महिने बाळ सांभाळायला जात असाल तर त्याला हा व्हिसा चालतो का ते आधीच तपासून बघा. भेटायला जात असाल तर भेटायला जातो म्हणा. सातबारा, पेन्शनचं पासबुक, ठेवींच्या पावत्या जवळ असू द्या. बहुतेक वेळा कुणी बघत नाही, पण मागितल्यावर नसणं वाईट.

व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षं राहता येतं असं नाही. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने देतो. त्याची आय-९४ नावाची ऑनलाइन नोंद असते. पोचल्यावर भाच्याकडून ती काढून घ्या आणि तारीख कॅलेंडरवर लिहा.

विमा आणि औषधं

विम्याशिवाय जाऊ नका. साध्या पडण्या-धडपडण्याचं हॉस्पिटलचं बिल तिथे काही हजार डॉलरवर सहज जातं, आणि ते भरायची पाळी भाच्यावर आली तर नातं तिथेच अवघडतं. पॉलिसी घेताना एकच ओळ शोधा: आधीपासून असलेल्या आजारांचं काय. बीपी, शुगर असलेल्यांना बहुतेक पॉलिसी ‘जुन्या आजारात अचानक झालेला बिघाड’ एवढ्यापुरतंच संरक्षण देतात. नेहमीची तपासणी त्यात येत नाही. सत्तरीनंतर संरक्षणाची रक्कम घटते. तिथे गेल्यावर ताप-खोकल्यासाठी मोठ्या इस्पितळाच्या इमर्जन्सीत जायचं नाही, ‘अर्जंट केअर’ नावाचे दवाखाने असतात तिथे जायचं. बिलात खूप फरक पडतो.

औषधं नव्वद दिवसांची, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. तिकडे पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. हे ठाऊक नसलं की आपली गोळी आणि भाच्याने दिलेली गोळी दोन्ही घेतल्या जातात आणि डोस दुप्पट होतो. इन्शुलीन असेल तर वेळा कशा सरकवायच्या ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, कारण घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ ते साडेबारा तासांनी उलटं होतं.

बॅग: काय नेऊ नये हे आधी

इकॉनॉमीच्या तिकिटावर अमेरिकेला बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. तिकिटावर बघून घ्या. मराठवाड्यातल्या माणसाची गोची अशी की आपलं शेत जे पिकवतं नेमकं त्यावरच बंदी. अख्खा हरभरा, सोयाबीन, करडईचं बी आणि तांदूळ हे भारतासारख्या देशांतून प्रवाशाच्या सामानात अमेरिकेला नेता येत नाही. कारण खपरा भुंगेरा, धान्याच्या कोठारात शिरणारी कीड. ती तिकडे शिरू नये म्हणून हा बंदोबस्त आहे. ताजी फळं, ताजा कढीपत्ता, मांसाचं काहीही चालत नाही. बीडचं सीताफळ आणि केसर आंबा घरीच खाऊन जा. पेढे, खवा, तूप नेऊ नये असं आमचं मत. लाळ्या-खुरकुताची साथ असलेल्या देशांतल्या दुधाच्या पदार्थांवर तिथे बंधनं आहेत, आणि काय चालेल हे समोरच्या अधिकाऱ्यावर असतं.

खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालतच नाहीत, ना चेक-इन बॅगेत ना हातात. तेलकट असल्याने त्या आपोआप पेट घेऊ शकतात. ओटीचं सुकं खोबरंही त्यात आलं. कापूर, काडेपेटी नको. खसखस तर गल्फच्या वाटेने जाताना बॅगेत असूच नये. आपल्याला ती अनारशाची खसखस, अमिरातीत आणि सौदीत ती अमली पदार्थांच्या यादीत.

मग न्यायचं काय? वसमतची हळद एक-दोन किलो. येसर, काळा मसाला, जवसाची आणि कारळ्याची चटणी. शेंगदाण्याची चटणी दोन थैल्यांत घाला, एक फुटली तर दुसरी राहते. जालन्याच्या दगडी ज्वारीचं पीठ निघायच्या आदल्या दिवशी दळून दोन-तीन किलो. तिकडच्या दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, पण ते जुनं असतं, विरी गेलेली असते, भाकरी थापताना मोडते. नेलेलं पीठही महिनाभरात तसंच होतं, मग उकळतं पाणी घालून मळायचं. सगळी भुकटी चेक-इन बॅगेत. अमेरिकेच्या विमानात साडेतीनशे मिलीपेक्षा जास्त भुकटी हातात असेल तर उघडून बघतात, काढूनही ठेवतात. पॉवर बँक उलट: ती फक्त हातातल्या बॅगेत.

उतरल्यावर खाण्याचं काही आणलंय का विचारतात. ‘हो’ म्हणा आणि दाखवा. दाखवलेली वस्तू फार तर कचऱ्यात जाते. लपवलेली सापडली तर शेकडो डॉलरचा दंड.

आहेर हलका ठेवा. हिमरू शाल घडी करून पिशवीत मावते, एका घराला एक पुरते. अंगावर सोनं न्यायचंच असेल तर जाताना विमानतळावर कस्टमकडून दागिन्यांचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परतताना ‘हे तिकडून आणलं का’ हा प्रश्न उरत नाही. त्याहून सोपं म्हणजे मंगळसूत्र ठेवून बाकी लॉकरमध्ये. मिक्सर नेऊ नका. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर २३० चा. मोबाइलचा चार्जर चालतो, फक्त चपट्या दोन पिनांचा अडॅप्टर लागतो. आणि एक प्लॅस्टिकचा मग न्या. हसू नका, पहिल्याच सकाळी त्याची आठवण येते.

रोख डॉलर तीन हजारांपर्यंत नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डावर. मोबाइलच्या सिमला निघण्यापूर्वी लांब मुदतीचं रिचार्ज मारा आणि रोमिंग सुरू करा. सिम बंद पडलं की बँकेचा ओटीपी बंद, आणि ओटीपी बंद म्हणजे इकडचं सगळंच बंद.

वाटेत

देवगिरी, नंदीग्रामने मुंबईला जाणार असाल तर विमानाच्या आदल्या दिवशी पोचा. गाडी दोन-चार तास उशिरा येणं ही बातमी नव्हे. विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी दोन गोष्टी मागा: व्हीलचेअर आणि जेवण. व्हीलचेअर फक्त न चालणाऱ्यांसाठी असते असं समजू नका. गुडघे दुखत असतील आणि मोठ्या विमानतळावर दुसरं विमान पकडायचं असेल तर ती मागा, नेणारा माणूस बरोबर रांगेतून काढतो. जेवणात ‘हिंदू मील’ मागितलं तर त्यात कोंबडी-मटण येऊ शकतं, कारण त्याचा अर्थ फक्त गोमांस नाही एवढाच. शाकाहारी असाल तर ‘एशियन व्हेज’ म्हणजे एव्हीएमएल हे कोड सांगा. धपाटे दोन दिवस टिकतात, बरोबर असू द्या, पण उतरण्याआधी संपवा.

त्यांच्या घरात

एका घरी दहा ते चौदा दिवस पुरेत. तीन भाचे असतील तर तीन घरं. एका घरून दुसऱ्या घरी शनिवार-रविवारीच हलायचं, बाकीचे दिवस त्यांना सुट्टी नसते. पगारी रजा द्यायलाच हवी असा केंद्राचा कायदा अमेरिकेत नाही, कंपनी देईल तेवढी. तुमच्यासाठी घेतलेली पाच दिवसांची रजा ही कदाचित त्यांच्या वर्षाच्या रजेचा तिसरा हिस्सा असेल.

घरं लाकडाची असतात. छताला धुराचा अलार्म असतो आणि मिरचीच्या फोडणीने, तव्यावर भाजणाऱ्या भाकरीनेही तो वाजतो. आधी शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा पूर्ण वेगाने लावा, मागच्या शेगडीवर फोडणी करा, खिडकी उघडा. बाथरूममध्ये टबच्या बाहेर पाण्याला वाट नसते. आपण सवयीने फरशी धुवायला पाणी ओततो आणि ते खालच्या खोलीच्या छतातून गळतं. दुरुस्तीचं बिल ऐकून भाचा काही बोलणार नाही, पण भाचेसुनेच्या कपाळावर दिसेल. सिंकमधल्या खरकटं दळणाऱ्या चक्कीत कोथिंबिरीच्या काड्या, कांद्याची टरफलं घालू नका, गुंडाळून अडकतात. लहान लेकराला गाडीत मांडीवर घ्यायचं नाही, त्याची वेगळी खुर्ची असते, आणि तो तिथला कायदा आहे. फिरायला एकटं निघताना घराचा पत्ता चिठ्ठीवर खिशात ठेवा, कारण तिथली सगळी घरं सारखी दिसतात.

स्वयंपाकघर ताब्यात घेऊ नका. आठवड्यातले दोन वार विचारून घ्या आणि ते दोन वार पूर्ण तुमचे.

वही

आता दुसरं काम. शंभर पानी वही न्या. डॉलरचा भाव सोयीसाठी नव्वद धरू. भाच्याचं पाच लाख डॉलरचं घर म्हणजे साडेचार कोटी, असं गुणून गावात सांगितलं की गाव तोंडात बोट घालतं. वहीत ते असं मांडा. एक लाख त्याने रोख भरले, चार लाख कर्ज, तीस वर्षांचं, व्याज साडेसहा टक्के. हप्ता सुमारे २५३० डॉलर. पहिल्या हप्त्यातले जवळपास २१७० व्याजाला जातात, मुद्दलातून कमी होतात जेमतेम ३६०. घरपट्टी टेक्साससारख्या राज्यात घराच्या किमतीच्या दीड-दोन टक्के, दरवर्षी. दोन टक्के धरले तर महिन्याला ८३० डॉलर. म्हणजे तीस वर्षांनी कर्ज फिटलं तरी घरात राहायचं भाडं सरकारला चालूच. गावातली ग्रामपंचायतीची घरपट्टी याच्याशेजारी लिहा.

बीडकडच्या माणसाला हे समजावून सांगायला एक शब्द पुरतो: उचल. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतं आणि मग सहा महिने कारखान्यावर ती फेडतं, लेकरं आजीकडे ठेवून. भाच्याचं घर ही तीस वर्षांची उचल आहे. दोघांची तुलना पुरती होत नाही, हेही लिहा. त्याच्याकडे एसी आहे, निवड आहे, आजारी पडला तर विमा आहे. कोयत्यावरच्या बाईकडे यातलं काही नाही. पण पैसे आधी हातात आणि श्रम नंतर, ही बेरीज दोन्हीकडे तीच.

यापुढचं पान महत्त्वाचं. किमती रुपयात गुणायच्या नाहीत, तासात भागायच्या. समजा भाच्याच्या हातात महिन्याला ७२०० डॉलर पडतात आणि तो १८० तास काम करतो, म्हणजे तासाला ४० डॉलर. गावाकडच्या शिक्षकाच्या हातात ५४ हजार पडतात, तेवढेच तास, म्हणजे तासाला ३०० रुपये. आता वस्तू घ्या. एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या थोडं वर, दूध तिकडे चार डॉलरला धरलं तर भाच्याची सहा मिनिटं. इकडे साठ रुपये लिटरने तेवढंच दूध २२७ रुपये, शिक्षकाची पाऊण तासाची कमाई. तेवढंच पेट्रोल तिकडे साधारण पाच-सहा मिनिटांचं, इकडे सव्वा तासाच्या थोडं वर. आता न्हाव्याकडे जा. तिकडे टिपसह ३६ डॉलर, भाच्याची ५४ मिनिटं. इकडे शंभर रुपये, शिक्षकाची वीस मिनिटं. नळ दुरुस्तीला माणूस बोलावला तर तिकडे दीडशे डॉलर, पावणेचार तास. इकडे तीनशे रुपये, एक तास.

दहा-बारा वस्तू अशा मांडल्या की चित्र स्वच्छ दिसतं. तिकडे वस्तू स्वस्त, माणसाचा हात महाग. इकडे हात स्वस्त, वस्तू महाग. भाच्याकडे दोन गाड्या आहेत आणि रविवारी तो स्वतः गवत कापतो, संडास धुतो. आपल्याकडे एक जुनी मोटारसायकल आहे आणि भांड्याला बाई आहे. ‘तिकडे काय सुख, सगळं हातानं करावं लागतं’ हे वाक्य इथून येतं.

ते वाक्य बोलण्याआधी वहीत तिसरा रकाना ओढा. तो भांड्याच्या बाईचा किंवा खुरपायला येणाऱ्या बाईचा. दिवसाला ३०० रुपये रोज, सहा तास काम, म्हणजे तासाला ५०. तेच दूध तिला साडेचार तासांचं. शंभर रुपयांचं काहीही दोन तासांचं. आपण जी श्रीमंती गावात भोगतो, तयार भांडी, झाडलेलं अंगण, खुरपलेलं रान, ती या रकान्यातून आलेली आहे. बहुतेक वह्या इथेच बंद होतात, कारण हा रकाना भाच्याबद्दल काही सांगत नाही. आमच्या मते वहीतलं सगळ्यात कामाचं पान हेच.

पैशाबाहेरची पानं चार ठेवा. दोन्ही घरांसाठी तीच.

पाणी. लातूरच्या माणसाने हे पान आधी भरावं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं, पहिल्या गाडीत दहा टँकर, पाच लाख लिटर. नळ सोडला की पाणी येतं, रात्री तीन वाजता पण येतं, याला किती गुण द्यायचे ते लातूरकराने ठरवावं, पुणेकराने नव्हे. इथे भाचा श्रीमंत आहे आणि तसं लिहायला लाज वाटायचं कारण नाही.

रात्री दोनला येणारी माणसं. छातीत कळ आली तर अर्ध्या तासात दारात कोण कोण येईल, नावं लिहा. शेजारचे, भावकी, गल्लीतला रिक्षावाला. भाच्याला विचारा, तो दोन-तीन नावं सांगेल. शिवाय ९११ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. तुमच्या यादीत वीस नावं असतील, पण त्या वीस जणांनी तुम्हाला जिथे न्यायचं ते हृदयाचं इस्पितळ किती किलोमीटरवर आहे तेही समोर लिहा. महात्मा फुले जनआरोग्य योजना खर्चाला मदत करते, अंतराला नाही.

बसलेली जागा किती पक्की. भाचा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर नोकरी गेल्यावर त्याला साधारण साठ दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी नोकरी नाहीतर देश सोडायचा. घर, कर्ज, लेकरांची शाळा, सगळं त्या साठ दिवसांवर उभं. ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम राहायच्या परवान्याची, रांग भारतात जन्मलेल्यांसाठी अनेक वर्षांची आहे. भारतात येऊन परत जाताना व्हिसाचा शिक्का वेळेत मिळेल याची खात्री नसते. थोरल्या मामाच्या मयतीला तो आला नाही म्हणून ज्यांनी अजून अढी धरली आहे, त्यांनी हे पान दोनदा वाचावं. तुमच्या बाजूला काय? सातबाऱ्यावर नाव आहे, तिथून कुणी साठ दिवसांत काढत नाही. पण त्याच सातबाऱ्यावर बँकेचा बोजा असेल तर तोही लिहा.

चौथं पान रविवारचं: तो कसा जातो. दोन्हीकडे तासवार.

हे सगळं विचारायचं कसं? पगार विचारायचा नाही. ‘किती उरतं’ हेही नाही. आधी आपली वही दाखवायची: माझं पेन्शन इतकं, शेतातून या वर्षी सोयाबीनचे इतके आले, त्यातून इतके खर्च झाले, कर्ज इतकं. मामाने स्वतःचं उघडं केलं की भाचा आपोआप बोलतो. बहुतेकांना तिकडे हे बोलायला वडीलधारं माणूसच नसतं. भाचेसुनेसमोर तिच्या नवऱ्याचा हिशेब काढू नका. तिलाही विचारा, तिचा वेगळा असतो.

एक कागद जो बॅगेत नसावा

वडिलोपार्जित जमिनीत भाच्याच्या आईचा, म्हणजे तुमच्या बहिणीचा, हिस्सा असतो. हक्कसोडपत्राचा मसुदा बॅगेत घालून नेणं आणि निघायच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर काढणं हा प्रकार होतो. करू नका. ‘तुला काय कमी आहे’ हे वाक्य त्या रात्री निघतंच, आणि ते वरच्या चुकीच्या गुणाकारातूनच निघतं. जमिनीचं बोलायचं असेल तर गावाहून, फोनवर, बहिणीशी आधी बोला. भाच्याने मुखत्यारपत्र द्यायचं ठरवलंच तर ते तिकडे नोटरी आणि भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्यावं लागतं, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. मुदत गेली की दंडाची भानगड.

परत आल्यावर

पहिले पाच-सात दिवस झोप उलटी राहते. त्या काळात कुणाला पैशाचा शब्द देऊ नका. लोक भेटायला येतात, चॉकलेटं संपतात, आणि दोन प्रश्न येतात: घर केवढ्याचं, आणि पगार किती. साडेचार कोटी हा आकडा तोंडातून बाहेर पडला की तो चार दिवसांत गावभर होतो आणि महिन्याभरात भाच्याला लग्नाच्या, दवाखान्याच्या, बोअरच्या मदतीचे फोन सुरू होतात. आकडा विचारला तर हप्ता सांगा. ‘महिन्याला अडीच हजार डॉलरचा हप्ता, तीस वर्षं’ असं सांगितलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि पुढचं बोलणं वेगळ्या वाटेनं जातं.

तिसरा रकाना मात्र गावातच पुरा करायचा असतो. भांड्याच्या बाईचा महिना किती, तास किती, ते मोजा. दोन वर्षांत वाढवला नसेल तर त्याच महिन्यापासून वाढवा, दिवाळीची वाट बघू नका. मग वहीच्या पानांचे फोटो काढून भाच्याला पाठवा, तिन्ही रकाने दिसतील असे. त्याच्या आकड्यात चूक असेल तर तो दुरुस्त करून पाठवेल.